कागदाची मुदत आणि हाताची मुदत

उर्दू शाळेत प्रथमोपचाराला ‘इब्तिदाई तिब्बी इमदाद’ असे म्हणतात. नाव भारदस्त आहे. पाचवीतल्या मुलांची जीभ त्यावर अडखळते आणि ती सरळ ‘मरहमपट्टी’ म्हणून मोकळी होतात. आम्हालाही मुलांचाच शब्द अधिक आवडतो. बी.एड. करून वाशिम जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत लागल्यावर काही वर्षांतच या मरहमपट्टीचे खाते आमच्याकडे आले. ज्याने एकदा प्रशिक्षण घेतले त्याच्या कपाटात शाळेची पेटी जाते, हा सगळ्याच शाळांचा अलिखित नियम आहे. फुटलेले गुडघे, नाकातून येणारे रक्त, परिपाठाच्या वेळी उन्हात येणारी चक्कर, दाराच्या फटीत चेंगरलेले बोट, हे त्या पेटीचे नेहमीचे गिऱ्हाईक.

या कामासाठी जे प्रमाणपत्र मिळते त्याची मुदत तीन वर्षांची असते. तीन वर्षांनी पुन्हा वर्गाला बसायचे, पुन्हा पुतळ्यावर हात चालवून दाखवायचा, मग नवा कागद. आमची मुदत 2020 च्या उन्हाळ्यात संपत होती. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महामारी जाहीर केली, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि शाळांबरोबर असे सगळे वर्गही बंद झाले. तेव्हा आमच्यासमोर दोन प्रश्न उभे राहिले. ज्या काळात माणसाने माणसाला शिवायचेच नाही, त्या काळात जखमी माणसाला मदत करायची कशी? आणि प्रमाणपत्राची तारीख उलटली म्हणजे अंगी आलेली विद्याही उलटून जाते काय? पुढे साथ ओसरली. 5 मे 2023 ला जागतिक आणीबाणी संपल्याचेही जाहीर झाले. परंतु या दोन प्रश्नांची उत्तरे पुढच्या संकटाच्या आधीच आपल्या समाजाजवळ असावीत असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमोपचार म्हणजे शेवटी स्पर्श. नाडी पाहायची, जखम दाबून धरायची, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचे. त्या उन्हाळ्यात नेमका स्पर्शच संशयित ठरला. त्यातही आपल्या समाजाच्या वाट्याला दुहेरी संशय आला. मार्च 2020 च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या बातम्या सुरू झाल्या आणि पाहता पाहता भाजीच्या हातगाडीवाल्याला त्याचे नाव विचारण्यापर्यंत मजल गेली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी तबलिगी जमातीच्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, या आशयाचे स्पष्ट मत न्यायालयाने नोंदवले. निकाल आला तोवर जवळजवळ पाच महिने गेले होते. त्याची आठवण येथे काढली ती जुने दुःख उगाळण्यासाठी नव्हे. त्या वेळी भीती दोन प्रकारची होती, एक रोगाची आणि दुसरी माणसांची. रस्त्यात पडलेल्याला उचलावे तर उद्या लोक आपल्यालाच बोल लावतील, असे दाढी-टोपीवाल्या माणसाला वाटायचे. आणि घरातला माणूस पडला तर दवाखान्यात न्यावे की नाही, नेले तर सगळ्या घराला उचलून विलगीकरणात ठेवतील, असे घरच्यांना वाटायचे. अशा भीतीवर नुसता उपदेश चालत नाही. काय करायचे, कसे करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे हाती असेल तरच माणूस पाऊल पुढे टाकतो.

कोरोना आला म्हणून बाकीच्या दुखापतींनी रजा घेतली नव्हती. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे आमचे सहा तालुके. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगणारा हा मुलूख. पेरणी थांबली नाही, त्यामुळे बांधावरचे साप थांबले नाहीत आणि फवारणीही थांबली नाही. मुले तर चोवीस तास घरात होती, त्यामुळे भाजणे, पडणे, कापणे हे प्रकार आमच्या मोहल्ल्यात नेहमीपेक्षा अधिकच कानावर येत.

2020 चा रमजान टाळेबंदीतच आला. इफ्तारच्या वेळी आमच्या गल्लीत एका घरातून ओरड ऐकू आली. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर कढईतले तेल उडाले होते. आई टूथपेस्ट घेऊन धावत होती, आजी हळद शोधत होती. त्या घरात दोन दिवसांपासून एकाला ताप होता, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते, म्हणून शेजारी आपापल्या ओट्यावरच थबकले होते. आम्ही दारापासून सहा फुटांवर उभे राहिलो आणि मोठ्याने सांगत गेलो. पेस्ट नको, हळद नको. मनगटातला काळा धागा आधी काढा, हात सुजला की तो रुततो. हात रांजणाजवळ न्या आणि तांब्याने पाणी ओतत राहा. बर्फ नको, साधेच पाणी, वीस मिनिटे. घड्याळ आमच्या हातात होते, मिनिटे आम्ही मोजत होतो. मूल रडत होते आणि आजी म्हणत होती, “बस हुआ अब, बच्चा थंडा पड़ेगा.” आम्ही म्हणालो, “खाला, अजून आठ मिनिटे. बाकी अंगावर चादर टाका.” नंतर धुतलेल्या सुती कापडाने हात सैल झाकला, फोड तसेच राहू दिले आणि मुलाला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. जाताना त्याने आणि वडिलांनी तोंडाला रुमाल बांधला होता.

आमचा हात त्या मुलाला एकदाही लागला नाही, तरीही तो पूर्ण प्रथमोपचार होता. साथीच्या काळातला पहिला धडा हाच. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याचे स्वतःचे हात आणि घरच्यांचे हात वापरता येतात. रक्त वाहत असेल तर त्यालाच स्वच्छ कापड देऊन जखम घट्ट दाबायला सांगावे. नाकातून रक्त येत असेल तर त्यालाच मान पुढे झुकवून नाकपुड्या दहा मिनिटे चिमटीत धरायला सांगावे. मान मागे टाकायला सांगू नये, रक्त घशात उतरते. घरातली माणसे एकाच हवेत राहत असतात. त्यांना जो धोका व्हायचा तो झालेलाच असतो. बाहेरच्याने त्यात विनाकारण भर घालू नये आणि सूचना मात्र सोडू नये.

हात लावावाच लागला तर क्रम ठरलेला असावा. आधी आपला मास्क, मग हातमोजे, शक्य असेल तर डोळ्यांवर चश्मा. खोलीची दारे-खिडक्या उघडायच्या, गर्दी हटवायची. रुग्णाच्या तोंडासमोर न बसता बाजूला बसायचे. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला मास्क द्यायचा, पण ज्याला दम लागला आहे किंवा उलटी होत आहे त्याच्या तोंडावर तो आवळायचा नाही. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवली तरी चालते. काम संपल्यावर मोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटवून काढायचे, वापरलेला कापूस आणि पट्ट्या पिशवीत बांधून टाकायच्या आणि साबणाने किमान वीस सेकंद हात धुवायचे. पुष्कळजण मोजे घालतात पण काढताना बाहेरची बाजू बोटांनी धरतात. सगळी मेहनत तिथे वाया जाते.

येथे एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, त्यामुळे आपले हात स्वच्छच असतात, असे त्या काळात अनेकांच्या तोंडून ऐकले. वुजूने पाकी मिळते, त्यात शंका नाही. परंतु विषाणूच्या बाहेरच्या चरबीच्या आवरणाला साबण लागतो, नुसते पाणी पुरत नाही. वुजूआधी साबणाने हात धुण्याला कोणी मनाई केलेली नाही. तसेच मास्क लावणे म्हणजे तवक्कुल कमी पडणे, असेही नव्हे. अमवासच्या प्लेगच्या वेळी शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) सर्ग या ठिकाणाहून सोबत्यांसह मागे वळले होते. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले तेव्हा आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपल्या गावात साथ आली तर तिथून पळू नये, ही हदीसची शिकवणही सर्वांना ठाऊक आहे. विलगीकरणाची याहून सोपी व्याख्या आम्हाला वर्गात शिकवता आली नाही.

सर्वांत अवघड प्रश्न होता तो एकाएकी कोसळलेल्या, श्वास थांबलेल्या माणसाचा. जुन्या शिकवणीत त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकायचा आणि तोंडाने तोंडात हवा भरायची, असे होते. साथीत हे दोन्ही धोक्याचे. 2020 मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संस्थांनी सांगितले की, सामान्य माणसाने छातीची हालचाल फक्त डोळ्यांनी पाहावी, रुग्णाच्या नाका-तोंडावर सैल कापड टाकावे आणि केवळ छाती दाबत राहावे. आपल्या देशाला यात नवीन काही नव्हते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने 2017 मध्येच सामान्य लोकांसाठी फक्त छातीदाबाची पद्धत तयार झाली होती. आधी मदत बोलवायची, मग छाती दाबायची, मग लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवायचे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तो फोन आधी करायचा आणि फोनचा स्पीकर सुरू ठेवायचा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवून, कोपर ताठ ठेवून, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबायचे आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला 100 ते 120. मुलांना आम्ही सांगतो, शंभर दाण्यांची पूर्ण तसबीह एका मिनिटाच्या आत फिरावी, इतका तो वेग आहे.

मात्र यात एक अपवाद शिक्षकांनी आणि आई-बापांनी कधी विसरू नये. मुलांचे हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे थांबते. विहिरीत किंवा तलावात बुडालेल्याचेही तसेच. तेथे नुसते छाती दाबणे अपुरे पडते, श्वासही द्यावा लागतो. साथीच्या काळातही तज्ज्ञांनी हा अपवाद कायम ठेवला होता. तो श्वास घरच्या माणसाला देता आला तर उत्तम, कारण ते एकाच घरातले. म्हणून प्रत्येक घरात एकाला तरी हे यायला हवे.

खरे पाहता, मदत करणाऱ्याने आधी स्वतःला सांभाळावे हा नियम कोरोनाने जन्माला घातलेला नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. शेकडो आजारी पडले. पाठीवरच्या पंपातून गळलेले औषध कपड्यांत मुरते. अशा माणसाला उघड्या हातांनी उचलणाऱ्याच्या अंगालाही ते लागते. म्हणून हातमोजे किंवा पिशव्या घालून त्याचे कपडे आधी उतरवायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचे, ओकारी काढायच्या भानगडीत पडायचे नाही आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. सापाचेही तसेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, कोणताही असो, दोर आवळून बांधणे, ब्लेड मारणे, तोंडाने विष ओढणे हे सगळे घातक. साप पकडायला जाऊ नये, चावलेला अवयव फळीला सैल बांधून हलू देऊ नये आणि सर्पदंशाची लस जिथे असेल तिथे न्यावे. दम करायचाच असेल तर गाडीत बसून करावा. गाडी मात्र दवाखान्याकडे चालू असावी.

साथीत माणुसकी आणि सावधगिरी यांची सांगड आपल्याच मातीत पूर्वी घातली गेली आहे. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यापर्यंत नेले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून 10 जानेवारीला आधी स्वतःवर टोचून पाहिली. लोक घाबरत होते, तेव्हा तिसरे आगाखान सर सुलतान मोहम्मद शाह, जे तेव्हा विशीतही नव्हते, त्यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि पुढे प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. सावित्रीबाईंपाशी साधन नव्हते, तरी त्या मागे हटल्या नाहीत. ज्यांच्यापाशी साधन आहे त्यांनी ते न वापरणे हा त्यांच्या त्यागाचा मान नव्हे.

आमच्या काळातले उदाहरण द्यायचे तर अकोल्याचे. वाशिम हा 1 जुलै 1998 पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून अकोल्याचे काही चांगले घडले की आम्हाला ते घरचे वाटते. 2020 मध्ये तिथल्या कच्छी मेमन जमातच्या स्वयंसेवकांनी कोरोनाने मृत्यू पावलेल्या माणसांचे अंत्यसंस्कार करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांत हिंदू मृतही होते. घरचे पुढे येऊ शकले नाहीत तिथे या लोकांनी त्यांच्या धर्माच्या रिवाजाप्रमाणे अग्नी दिला. ज्या समाजाकडे रोग पसरवणारे म्हणून बोट दाखवले जात होते, त्याच समाजातले हे हात होते. पण ते हात उघडे नव्हते. अंगभर संरक्षक पोशाख, मोजे, मास्क घालून आणि ठरलेल्या पद्धतीने ते काम झाले. आमच्या मते त्या धैर्याचा अर्धा भाग या पद्धतीत होता.

शाळा उघडू लागल्या तेव्हा हीच परीक्षा आमच्या जिल्ह्यातच झाली. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून सुरू झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात 229 विद्यार्थी बाधित निघाले आणि वाशिमचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. त्या बातमीने आम्हा शिक्षकांची झोप उडाली. दोनशे मुलांना ताप आला तर त्यांच्या उशाशी कोण बसणार? डॉक्टर येईपर्यंतचे तास शिक्षक, रखवालदार आणि स्वयंपाकीणबाईच काढतात. ताप मोजणे, पाणी पाजणे, बोटाला ऑक्सिमीटर लावणे, धाप लागलेले मूल ओळखणे, हे सगळे प्रथमोपचारच. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर 2020 पासून पुष्कळ शिक्षकांच्या हाती ऑक्सिमीटर आला होता. नखाला मेंदी किंवा रंग असेल तर आकडा चुकू शकतो, हे त्या वेळी आमच्या भगिनींच्या घरोघर सांगावे लागले.

आता प्रमाणपत्राकडे येतो. त्या दोन वर्षांत प्रमाणपत्रांचा जणू पूर आला होता. व्हॉट्सॲपवर दुवा यायचा, गुगल फॉर्ममध्ये दहा प्रश्न असायचे, चारवर बरोबर खूण केली तरी रंगीत प्रमाणपत्र हजर. कोरोना जागृतीचे, हात धुण्याचे, योगाचे, प्रथमोपचाराचेसुद्धा. शिक्षकांच्या फाइली फुगल्या. ऑनलाइन शिक्षण निरुपयोगी होते असे आम्ही म्हणणार नाही. पाठाचा भाग घरी बसून उत्तम होतो, चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहता येते. परंतु छाती किती खोल दाबायची हे पडद्यावरून कळत नाही. ते तळहाताला कळावे लागते.

दुसरीकडे कागदाच्या मुदती वाढत होत्या. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने 30 मार्च 2020 ला वाहन परवाने आणि संबंधित कागदांची मुदत वाढवली आणि पुढे ती 2021 मध्येही वाढत गेली. ब्रिटनमध्ये 16 मार्च 2020 पासून संपणाऱ्या प्रथमोपचार प्रमाणपत्रांना ठरावीक काळापुरती सवलत मिळाली, पण त्याबरोबर मधल्या काळात उजळणी करत राहा, असेही तिथल्या यंत्रणेने बजावले. ही उजळणीची अट आम्हाला महत्त्वाची वाटते. शासन कागदाची मुदत वाढवू शकते, हाताची वाढवू शकत नाही. छाती दाबण्याचे कौशल्य सरावाविना तीन ते सहा महिन्यांतच उतरू लागते, असे या विषयातले अभ्यास सांगतात. म्हणजे तीन वर्षांचा कागद खिशात असतानाही हात कच्चा झालेला असू शकतो. आपल्याकडे एस.टी.च्या कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी त्यासाठीच ते काढतात. बिल्ला मिळाल्यावर तो कागद पेटीच्या तळाशी जातो. नोकरी वीस-तीस वर्षांची आणि सराव त्या एकाच दिवसाचा!

टाळेबंदीत आम्ही घरी सराव कसा ठेवला ते सांगतो, कारण ते कोणालाही जमेल. गादीचा जुना लोड घट्ट बांधून जमिनीवर ठेवायचा, गुडघ्यावर बसायचे, घड्याळ लावून दोन मिनिटे दाबायचे. दोन मिनिटांत घाम फुटतो आणि माणूस बदलावा का लागतो ते समजते. जिवंत माणसाच्या छातीवर सराव करायचा नाही. ओढणीची झोळी, चौकोनी रुमालाची पट्टी, कुशीवर वळवणे, हे घरातल्या माणसांवर करता येते. दर तीन महिन्यांनी एक दिवस यासाठी ठेवायचा. 2021 च्या अखेरीस वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा आम्ही रीतसर नूतनीकरण केले. एका वेळी थोडीच माणसे, खिडक्या उघड्या, प्रत्येकाच्या वापरानंतर पुतळ्याचे तोंड आणि छाती स्पिरिटने पुसणे, तोंडाने हवा देण्याचा सराव वगळलेला. तो पुतळा नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये तयार केलेल्या पुतळ्याच्या वंशातला. लोडावरच्या सरावामुळे पहिल्याच दाबाला हात ताठ पडला. आता आमच्या पेटीच्या झाकणावर आतून दोन तारखा लिहिलेल्या असतात, एक कागदाची आणि एक शेवटच्या सरावाची. दुसरी दर तीन महिन्यांनी खोडून नवी लिहितो.

आपल्या समाजापुरते आणखी दोन शब्द. प्रशिक्षणाच्या वर्गाला आपल्या मुली-बायका फार कमी दिसतात. बाईला परक्या पुरुषाने हात कसा लावावा, हा संकोच आहे. त्यावर फिकहमध्ये जरूरतीचा नियम आहेच, जीव वाचवताना मनाई शिथिल होते. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे बायकांनीच शिकावे. रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना उपचारासाठी तिथेच ठेवले गेले होते. मशिदीच्या आवारात एका बाईने चालवलेला तो जखमींचा तंबू आणि आजच्या आपल्या मशिदींची आवारे यांची तुलना प्रत्येकाने मनातल्या मनात करून पाहावी.

दुसरी भीती पोलिसांची. 30 मार्च 2016 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती होत नाही. 11 डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गावर नागपूर ते शिर्डी वाहतूक सुरू झाली. तो आमच्या जिल्ह्यातून जातो आणि त्यावरच्या अपघातांच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. मदतीची गरज असलेला माणूस आता आपल्या शेताच्या धुऱ्यावर येऊन ठेपला आहे.

काय करता येईल? प्रत्येक मशिदीच्या कमिटीने मोहल्ल्यातले दहा तरुण आणि दहा भगिनी निवडाव्यात, त्यांची फी जमातने भरावी आणि एका रजिस्टरमध्ये त्यांची नावे, प्रमाणपत्राची तारीख आणि सरावाची तारीख लिहून ठेवावी. महिन्यातून एका जुम्म्याला नमाजनंतर अर्धा तास लोडावर सराव व्हावा. मदरशातल्या मुलांनाही तिथे बसवावे, शेजारच्या बिगरमुस्लिम बांधवांनाही बोलवावे. एक पेटी ठेवावी, तिच्यात हातमोजे, मास्क, साबण आणि स्वच्छ कापड असावे. फार खर्चाचे हे काम नाही. एका मोहल्ल्यातल्या एका दावतीच्या खर्चात वर्षभराचे भागते. पुढची साथ कधी येईल हे अल्लाहच जाणतो. उन्हाळ्यात कढईतले तेल मात्र उडणारच आहे, पावसाळ्यात साप निघणारच आहे आणि कोणाची तरी छाती एका भल्या पहाटे थांबणारच आहे. त्या वेळी मोहल्ल्यातला एखादा हात तयार असावा, इन्शाअल्लाह.